ताटाचं चित्र असलेलं पाकीट

मी आयुष्यभर चित्रं काढली, पण त्यातलं एकही कोणाच्या दिवाणखान्यात लागलेलं नाही. माझी चित्रं लागायची दवाखान्याच्या भिंतीवर, अंगणवाडीच्या दारावर, हातपंपाशेजारच्या पत्र्यावर. हात धुवा, पाणी झाकून ठेवा, बाळाला डोस पाजा. शिकलेले लोक याला सामाजिक डिझाइन म्हणतात. माझे सासरे मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले, की जावई पेंटर आहे. हुडकेश्वरच्या आमच्या कॉलनीत अजूनही कोणी ना कोणी गेटवर घराचं नाव रंगवून मागतं आणि मीही मुकाट्यानं रंगवून देतो.

या धंद्यात पहिली गोष्ट शिकायची ती ही, की काढलेलं चित्र समजलं का, असं कोणाला विचारायचं नाही. समजलं का म्हटलं की आपल्याकडचा माणूस हो म्हणतो. समोरच्यानं मेहनत केली आहे, त्याला कशाला नाराज करायचं, असा त्याचा सरळ हिशोब असतो. म्हणून चित्र पुढे धरायचं, गप्प बसायचं आणि एवढंच विचारायचं, 'काय दिसते?' मग जे ऐकायला मिळतं त्यानं कान लाल होतात. एकदा मी मोठ्या हौसेनं काढलेली गरोदर बाई एका म्हाताऱ्यानं बराच वेळ निरखली आणि म्हणाला, 'जलोदर झाला वाटते हिले.'

फजितीच्या अशा गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, सोडा म्हणून मी एक मोठं पोस्टर केलं होतं, तोंडाच्या कॅन्सरचं, पाहवणार नाही असं. महिन्याभरानं पाहतो तर एका पानठेलेवाल्यानं तेच आपल्या ठेल्यावर लावलेलं. मी चकित झालो. त्याला म्हटलं, बाबा, हे तुझ्या धंद्याच्या विरोधात आहे. तो खर्रा घोटता घोटता म्हणाला, 'राहू द्या भाऊ. लोक वाचाले थांबून राहिले, अन् थांबले का मंग एखादा खर्रा बांधून नेतेत.'

दुसरी गोष्ट रामदासपेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्याची. खेड्यातून आलेली माणसं तिथल्या बोळांत हरवायची, म्हणून मी फरशीवर लाल रंगाची पावलं काढली. पावलांमागे चालत गेलं की एक्स-रे. पहिल्याच दिवशी एका आजीबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला घासून कडेकडेनं चालू लागल्या. मागून आलेल्या बाईनं वाकून एका पावलाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पावलांवर पाय कोण देणार? आठ दिवसांत मी ती पुसून साध्या पट्ट्या ओढल्या. पुढे कॉलेजांतल्या व्याख्यानांत ही गोष्ट सांगून मी भरपूर हशा घेतला. आता वाटतं, हशा घ्यायच्या ऐवजी त्या आजीबाईंजवळ पाच मिनिटं बसलो असतो तर पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे औषधाचं पाकीट.

आमच्या ओळखीच्या डॉक्टर नलिनीताई सावनेरला दर शनिवारी मिरगीच्या पेशंटसाठी मोफत दवाखाना चालवायच्या. मिरगी म्हणजे फिट येण्याचा आजार. गोळी रोज घेतली तर माणूस सगळ्यांसारखा राहतो, शेतात जातो, लग्न करतो, पोरं वाढवतो. पण गोळी चुकता कामा नये. नलिनीताईंकडचा कंपाउंडर वर्तमानपत्राच्या पुडीत गोळ्या बांधून द्यायचा आणि प्रत्येकाला दोनदा ओरडून सांगायचा, 'रोज रात्री एक.' तो निवृत्त व्हायला आला होता. ताई मला म्हणाल्या, 'याच्यानंतर कोण ओरडणार? तुम्ही पाकीट करून द्या, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं.' गोळीनं काहींना मळमळतं, तेव्हा जेवणानंतर घ्यायची तेही त्यात यायला हवं, असं त्यांनी सांगितलं.

मी जीव ओतून काम केलं. पाकीट तळहाताएवढं. वरच्या कोपऱ्यात चंद्र. मधे जेवणाचं ताट, त्याच्या पुढे बाण आणि बाणाच्या टोकाशी एक पांढरी गोळी. ताटावर मी तीन दिवस घालवले. पुस्तकातलं गुळगुळीत ताट मला नको होतं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वाटीत वरण, भाताची मूद, कांद्याची फोड आणि कडेला ठेचा. आमच्या सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी ते ताट दोनदा वाढायला लावलं, समोर ठेवून काढलं आणि मग जेवलो.

तपासणीही रीतसर केली. दोन शनिवार औषधाच्या खिडकीजवळ स्टूल टाकून बसलो. येणाऱ्या प्रत्येकासमोर पाकीट धरलं आणि विचारलं, काय दिसते? सगळ्यांनी अचूक सांगितलं. 'रात्री जेवण झालं का मंग एक गोळी.' एकजण तर म्हणाला, 'ठेचा पाहून भूक लागली गा.' एवढं नेमकं उत्तर मला आधी कोणत्याच चित्रावर मिळालं नव्हतं. मी खूश होतो.

त्या खिडकीवर सगळे पुरुष होते, हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही. बाया पलीकडे लिंबाच्या झाडाखाली पोरं घेऊन बसलेल्या असत. डॉक्टरांना दाखवून झालं की नवरा, दीर नाहीतर भाऊ खिडकीवर यायचा आणि औषध घेऊन जायचा. मी त्या झाडाकडे पाठ करून बसलो होतो.

उन्हाळ्यात पाकिटं छापून आली. दुसऱ्या दोन दवाखान्यांनीही मागितली. एका संस्थेनं मला शाल आणि मानचिन्ह दिलं. भाषणात मी म्हणालो, की चांगलं चित्र समजावून सांगावं लागत नाही. टाळ्या पडल्या.

मग नवरात्र आलं आणि गेलं. दसऱ्यानंतर नलिनीताईंचा फोन आला. 'शनिवारी सावनेरला या,' एवढंच म्हणाल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. मला वाटलं, आणखी पाकिटं हवी असतील.

ताईंच्या समोरच्या बाकावर पस्तिशीची एक बाई बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. शेजारी तिचा नवरा देवराव, मान खाली घालून. बाईचं नाव कुसुम. सावनेरच्या पुढच्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. लहानपणापासून तिला मिरगी, पण ताईंच्या गोळीनं जवळजवळ दोन वर्षं एकही फिट आली नव्हती. गावात कोणाला पत्ताही नव्हता. अष्टमीच्या दिवशी, शाळेच्या स्वयंपाकखोलीत, उकळत्या खिचडीच्या गंजासमोर, म्हणजे मोठ्या पातेल्यासमोर, तिला फिट आली आणि हात गंजात गेला. पोरं ओरडत बाहेर पळाली. कोणीतरी धावत येऊन तिला जोडा हुंगवला. अर्धं गाव दारात गोळा झालं.

ताईंनी टेबलावर माझं पाकीट ठेवलं. मला म्हणाल्या, 'तिलाच विचारा, तुम्ही विचारता तसं.'

मी पाकीट उचललं. आत गोळ्या होत्या. संपायला हव्या होत्या, त्या उरलेल्या होत्या. मी विचारलं, 'कुसुमताई, गोळ्या काहून राहिल्या?'

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. 'उपास होता न भाऊ. घट बसले होते आमच्या घरी. नऊ दिवस मी नुसती चहा अन् केळं खातो. ताट घेतच नाही.' तिनं डाव्या हाताच्या बोटानं चित्रातल्या भाकरीला हात लावला. 'ताट नाही तं गोळी कशी घ्याची? रिकाम्या पोटी गरम पडते ते. मी तुमच्या चित्रासारखंच केलं जी.'

ताईंनी विचारलं, 'अगं, मागच्या नवरात्रात काय केलं होतंस?'

'मागच्या खेपेले घेतली होती. तवा पुडीवर चित्र नव्हतं. ते खिडकीतले बुवा ओरडून म्हणत, रोज एक, तं रोज घेत होती.'

हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मी नसतो तर त्या बाईनं नऊ दिवस गोळी घेतली असती. इतकी साधी गोष्ट आहे. कंपाउंडरचं ओरडणं बरोबर होतं आणि माझं सुंदर ताट चूक होतं. ताई म्हणाल्या, जेवणानंतरची सूचना माझीच होती, चूक दोघांची. त्यांचा मोठेपणा. पण ते चित्र तीन दिवस मी काढलं होतं.

देवरावनं मान वर केली. तो म्हणाला, 'साहेब, तुम्ही मले खिडकीवर दाखवलं होतं हे पाकीट. मी बराबर सांगतलं होतं.' त्यानं सांगितलं होतं, खरंच. मलाही तो आठवला. ठेचा पाहून भूक लागली म्हणणारा तोच.

घरी येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हळहळेल. ती निवडत असलेली मेथी तशीच हातात धरून म्हणाली, 'मी बीपीची गोळी उपासाले घेते का नाही, तुम्हाले माहीत आहे?' मला माहीत नव्हतं. 'नाही घेत,' ती म्हणाली. 'जेवल्यावर घ्या म्हणते न डॉक्टर.' आमच्या घरी आठवड्यातून दोन उपास, वर चतुर्थी, एकादशी, नवरात्र वेगळं. चाळीस वर्षं त्या उपासांची साबुदाण्याची उसळ मी दोन-दोनदा मागून खाल्ली. जे ताट समोर ठेवून मी चित्र काढलं, ते वाढणारी बाई त्या दिवशी जेवली होती की नाही, हेदेखील मला सांगता येणार नाही. मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी कुसुमच्या गावी गेलो. शाळेच्या अगदी समोर तिचं घर, मधे फक्त रस्ता. या वेळी मी तिला अंगणात बसवून विचारलं आणि शेजारच्या बायांनाही बोलवायला सांगितलं. दोघीच आल्या, जरा लांब बसल्या. पण बोलायला लागल्यावर त्यांनी माझ्या कच्च्या चित्रांची पार दैना केली. ताटावर काट मारली तर म्हणाल्या, जेवायचं नाही असं दिसते. केळं काढलं तर म्हणाल्या, गोळी केळ्यात घालून खायची का? शेवटी कुसुम म्हणाली, 'भाऊ, दोन खण करा. एकात ताट काढा, एकात घट काढा. दोन्हीखाली गोळी अन् पाण्याचा गिलास. घट दिसला का बायायले समजते, उपास आहे तरी घ्याची आहे.'

तेच छापलं. ते पाकीट आजही चालतं आणि माझ्या सगळ्या कामांत तेवढं एकच मला निर्दोष वाटतं. त्याची कल्पना माझी नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

पण कुसुमचं काम गेलं होतं. हात बरा झाला, दोन बोटं थोडी आखडली, तरी पळी धरता येत होती. गोळ्या पुन्हा नियमित सुरू झाल्या, फिट आली नाही. ताईंनी तसं लिहूनही दिलं. शाळा समितीनं मात्र तिच्या जागी दुसरी बाई ठेवली होती. मी हेडमास्तरांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, 'सर, माझं काही नाही हो. मी तिच्या हातचं आजही खाईन. पण पालक म्हणतात, मिरगीवालीच्या हातचं पोरांना नको. लागण होते म्हणतात.'

मी ताडकन म्हणालो, 'मग हे काम माझं आहे.'

खरंच तसं वाटलं होतं मला. गैरसमज आहे ना, मग मी चित्र काढतो. दुसरं येतंय काय मला? मी एक मोठं पोस्टर केलं. गोल बसलेली पोरं, मधे खिचडी वाढणारी बाई, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'मिरगी शिवल्यानं होत नाही, हातचं खाल्ल्यानं होत नाही.' या वेळी तपासणीत काही कसर ठेवली नाही. शाळेतल्या मुलींना विचारलं, मुलांना विचारलं, शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. सगळ्यांना कळलं. हेडमास्तरांनी नारळ फोडून ते स्वयंपाकखोलीच्या बाहेरच्या भिंतीवर लावलं आणि आपणहून सांगितलं, की रोज सकाळी परिपाठात मुलांकडून हे वाक्य म्हणवून घेईन. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. कुसुमला जाऊन सांगितलं, की आता बघा, चार-सहा महिन्यांत तुम्हाला परत बोलावतील. तिचा चेहरा उजळला. 'होईल न जी?' तिनं विचारलं. मी म्हणालो, होईल.

नंतर कामं येत गेली, मी गुंतलो, मग थकलो. माझं पाट्या-पोस्टरांचं दुकान बंद केलं. त्या गावाकडे जाणं राहून गेलं, असं मी म्हणतो. खरं म्हणजे मी टाळत होतो. तिला कामावर परत बोलावलं असतं तर मला कळलंच असतं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात सावनेरला एका लग्नाला गेलो होतो. सकाळी लवकर निघून आधी त्या गावात गेलो. कुसुम अंगणात बसून तूर निवडत होती. केस पांढरे झाले होते. मला पाहून हसली, डाव्या हातानं खाट पुढे ओढली. देवराव शेतात गेला होता. तिनं चहा ठेवला. तब्येत छान होती. इतक्या वर्षांत एकदाही फिट नाही, एकाही उपासाला गोळी चुकली नाही. मी शाळेच्या कामाचं विचारू की नको अशा विचारात असतानाच समोर घंटा झाली.

रस्त्यापलीकडच्या पटांगणात पोरं रांगेत उभी राहिली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. आणि मग शे-दीडशे पोरांच्या खणखणीत आवाजात माझं वाक्य आलं. 'मिरगी शिवल्यानं होत नाही, हातचं खाल्ल्यानं होत नाही.' ज्या पोरांसमोर मी पोस्टर लावलं होतं ती कधीच शाळा सोडून गेली होती. ही नवी पोरं होती. हेडमास्तरही बदलले होते, तरी परिपाठात ते चालूच होतं.

मला भरून आलं. आणि लगेच लाज वाटली, कारण शेजारी ती बसली होती.

'रोज म्हणतेत,' कुसुम म्हणाली. 'मले घरी बसल्या बसल्या आयकू येते. मस्त म्हणतेत पोट्टे.'

'तुम्हाला बोलावलं नाही त्यांनी?' मी विचारलं.

'नाही जी.'

तिनं सुपातली तूर पाखडली, खडे वेगळे केले. रागावलेली नव्हती. बऱ्याच दिवसांपासून मनात असलेली गोष्ट योग्य माणूस भेटला म्हणून सांगावी, तसं ती म्हणाली, 'भाऊ, एक विचारू? पोट्ट्यायनं कुठं काढलं होतं मले? थे तं माह्या हातची दोन-दोनदा मागून खात होते. ज्यायनं काढलं, त्यायच्या घरच्या बैठकीत काहून नाही लावलं ते चित्र?'